मेला म्हणजे कुठे गेला?

राक्षसांच्या जाडजूड कादंबऱ्या लिहून धाकटीने नाव कमावलं होतं, पण आज बाबांच्या खाटेपाशी ती नुसती चादर सारखी करत बसली होती. आता कुठल्याही क्षणी त्यांना हृदयाच्या ऑपरेशनला नेणार होते. नर्सने दोनदा दटावलं, तरी बाबांचा एकच घोशा, "तुझ्या त्या राक्षसाचं शेवटी काय होतं?"

आली का पंचाईत! तो राक्षस म्हणजे बाबाच. दार लाथेने उघडणारा, ताटं भिरकावणारा, आणि एक दिवस बायको-पोरींना वाऱ्यावर सोडून चालता झालेला. बाबांनी आधीचे सगळे भाग वाचले होते, आणि ते काही खुळे नव्हते.

"मेला," ती म्हणाली. थाप मारायचं सुचलंच नाही.

"मेला?" बाबा उशीवरून अर्धे उठले. "तुझी चांगली माणसं जातात, वारतात, देवाघरी जातात. आम्ही नुसते मरतो होय? मेला म्हणजे कुठे गेला?"

"बाबा, गोष्ट आहे हो ती."

"गोष्ट कसली! हात बघ माझा."

हात गार पडला होता, घामाने ओला. धाकटीने तो आपल्या हातात घेतला. खरं तर तिने पुढचा विचारच केला नव्हता. तलवार लागली, धूर निघाला, पान संपलं. मेलेल्या राक्षसाची चौकशी करतो कोण? शिवाय रागही आला. इतकी वर्षं आमची चौकशी केलीत का कधी?

तेवढ्यात वॉर्डबॉय आला आणि खाट ढकलू लागला.

"अहो, जरा हळू!" ती त्या बिचाऱ्यावर उगाचच खेकसली. मग खाटेबरोबर धावत सुचेल तसं सांगू लागली. "तिकडे एक घर असतं बाबा. गेलेली सगळी तिथेच राहतात. राक्षस दाराशी येतो. लाथ मारत नाही, नुसता उभा राहतो. आतून त्याची राणी डोकावते आणि ओरडते, 'दुसरं कोण असणार? तो मेला आलाय!'"

बाबांच्या घशातून हसू फुटलं, की हुंदका, कळलं नाही. ते सोडून गेल्यापासून आईने त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'तो मेला', एवढंच म्हणायची. आणि तशीच गेली बिचारी.

"आत घेते का पण?"

हो म्हणायला काय जात होतं? पण आईच्या वतीने माफी द्यायला तिची जीभ रेटेना.

"तिचं तिला ठाऊक," ती म्हणाली. "मी घेतलंय."

"काय?" चाकांच्या खडखडाटात बाबांना ऐकू गेलं नाही. ऑपरेशन थिएटरचं दार आलं. ते मान वळवून, डोळे फाडून तिच्याकडे बघत राहिले. "काय म्हणालीस?"

"मी घेतलंय आत!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाकावरची माणसं उठून उभी राहिली.