बाटलीवरचं कुंकू

“सर, तुम्ही हात धुतले का?”

एवढंच विचारायचं होतं. शाळेत माझ्या मैत्रिणींनी, श्रेया आणि संस्कृतीनं, पैज लावलेली. “अंबिका, वक्तृत्वाची ढाल काय आणलीस, लई भारी समजायला लागलीस! खरी असशील तर राउंडला येणाऱ्या डॉक्टरला हे विचारून दाखव.” मी म्हटलं, हॅ, त्यात काय!

पण सकाळी डॉक्टर इंद्रजीत सर पप्पांच्या वॉर्डात शिरले, मागं शिकाऊ डॉक्टर, द्वारका सिस्टर, आणि सगळे नातेवाईक शाळेत साहेब आल्यासारखे ताडकन उभे राहिले, तेव्हा माझं वक्तृत्व घशातच बसलं.

पप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. शहागंजच्या दुकानात पोती उचलून उचलून आतडं बाहेर डोकावायला लागलेलं. टाके छान होते. शेजारच्या खाटेवरच्या बन्सीकाकांचेही आधी छानच होते म्हणे. घरी जायचं म्हणून काकूंनी पिशवीसुद्धा भरली होती. मग टाके चिघळले आणि पिशवी परत सोडावी लागली.

सरांनी बन्सीकाकांची पट्टी उचलली, कडेनं दाबलं, पू आला. “हं,” म्हणाले, बोटं कोटाला पुसली आणि तोच हात घेऊन पप्पांकडं वळले. पप्पांनी सदरा आधीच वर करून ठेवलेला, देवापुढं नारळ ठेवावा तसं पोट उघडं!

पैजबिज मी विसरले. विचारलं, आणि जरा ओरडूनच.

मम्मीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. “लेकरू हाय, सर. तोंडाला कुलूपच नाय तिच्या.”

सर हसले. “दर पेशंटनंतर धुतो, बेटा. प्रत्येक खाटेला सॅनिटायझर काय शोभेला टांगलंय?”

मी बाटलीकडं बघितलं. खंडेनवमीला सिस्टरनी वॉर्डातल्या सगळ्या अवजारांची पूजा केली होती म्हणे. बीपीचं मशीन, सलाइनचे स्टँड, कुणालाच सोडलं नव्हतं. बाटलीच्या दाबायच्या जागी तेव्हाचं कुंकू तसंच होतं. वर एक अक्षतपण चिकटलेली.

“मग तुमचं बोट लाल का नाय, सर?”

“म्हणजे?”

“हे खंडेनवमीचं कुंकू आहे. दिवाळी झाली, आमचा चिवडा मऊ पडला, पण इथली अक्षत काय हललेली नाय.”

एका शिकाऊ डॉक्टरला जोरात खोकला आला. सिस्टरनी तोंड खिडकीकडं फिरवलं, पण खांदे हलत होते.

“माझ्या बाटलीला बी हाय की,” बन्सीकाका मान उचलून म्हणाले.

“इथं बी!” खिडकीजवळच्या आजी ओरडल्या. “लई पवित्र वॉर्ड हाय गं बाई!”

सरांनी बाटली दाबली. फुस्स! आत थेंब नव्हता, बोट तेवढं लाल झालं. मग ते बेसिनकडं गेले आणि साबण लावून पार कोपरापर्यंत हात धुतले. मागं शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. परत येऊन त्यांनी चक्क मला विचारलं, “आता बघू?”

“बघा,” मी म्हटलं. टाके कोरडे होते.

सर गेले आणि मम्मी सुरू झाली. “ते चिडले असते तर? टाके कोण काढणार, तू?”

पप्पा सदरा खाली ओढत हळूच म्हणाले, “तिला नको बोलू. बन्सीभाऊचं बघून माझी झोप उडाली व्हती. विचारायचं मलाच व्हतं. धीर नाय झाला.”

मी मम्मीच्या पर्समधून कुंकवाची डबी काढली.

“ठरलं,” मी म्हटलं. “पप्पांना सुट्टी मिळेपर्यंत मी रोज शाळेआधी इथं येणार. सिस्टर बाटल्या भरतील, मी ताजं कुंकू लावणार आणि राउंडला सगळ्यांची बोटं बघणार. आणि मम्मी, बन्सीकाकांचं लघवीचं भांडं आत्ता तूच सरकवलंस ना? मग पप्पांची भाकरी खाली ठेव. आधी बोट दाखव.”