डॉक्टरांची चकाचक टाकी

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरलं की दोन गोष्टी नजरेत भरत. एक म्हणजे भिंतीवरची पाटी: ‘फक्त तपासणीच्या दिवशी दात खसाखसा घासून येऊ नये. आम्हाला कळतं.’ दुसरी, तिच्याखाली ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. पाटी डॉक्टरांची होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. टाकी मात्र ताईची.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, डॉक्टरांना हिनेच वाढवलं. वर्षभरासाठी लेकीकडे जाताना तिने नऊ वर्षं सांभाळलेली नारंगी क्लाउन माशांची जोडी भावाच्या हवाली केली होती.

“छोट्या, दर रविवारी एक बादली पाणी बदलायचं. वाळू वरवर साफ करायची, एका वेळी एकच कोपरा. एवढं जमेल ना?”

छोट्या बावन्न वर्षांचा. तीन रविवार त्याने इमानेइतबारे बादली उचलली. चौथ्या रविवारी कंबर धरली, पाचव्या रविवारी पाहुणे आले, आणि सहाव्यापासून कारण शोधण्याचीही गरज उरली नाही. वाळू तपकिरी झाली, काच हिरवी. मासे तेवढे मजेत होते.

बुधवारी ताईचा फोन आला. “शनिवारी सकाळी येतेय. थेट दवाखान्यात. जोडीला बघितल्याशिवाय घरी पाऊल ठेवायची नाही.”

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तातडीने टाकीवाल्याला बोलावलं. हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात टाक्या विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याने काचेला नाक लावून पाहिलं.

“मासे ठणठणीत आहेत. आज पाचवा हिस्सा पाणी बदलू, वाळूचा एक कोपरा करू. दुसरा कोपरा पुढच्या आठवड्यात.”

“अहो, शनिवारी ताई येतेय.”

“मग त्यांना खरं ते सांगा.”

असला भलता सल्ला डॉक्टरांना आजवर कुणी दिला नव्हता. “सगळं पाणी काढायचं. सगळी वाळू धुवायची.”

“डॉक्टर, माशांची घाण पचवणारे जिवाणू ह्याच वाळूत राहतात. त्यांना हाकललंत तर...”

“जिवाणूंचं मला नका शिकवू. आयुष्य गेलं माझं त्यांच्या मागे.”

गुरुवारी दवाखाना बंद ठेवला. मासे बादलीत गेले, पाणी मोरीत. डॉक्टर बाह्या सरसावून वाळू तळापर्यंत उकरू लागले तसा सडक्या अंड्यांचा वास सुटला. “बघा, आत किती किडलं होतं ते!” डॉक्टर विजयी मुद्रेने म्हणाले. मग वाळू गरम पाण्याने तीनदा धुतली. कोपऱ्यांतला हिरवा थर त्यांनी स्वतःच्या हत्याराने, दाढेमागचा खरवडावा तसा खरवडला. टाकीवाल्याने नव्या पाण्याचं मीठ आणि ऊब तेवढी मापून दिली.

“वाळूची ही एक बादली धुवायची राहिलीय,” तो म्हणाला. “ती वाळू मी नेऊ? आणि फिल्टरचा मळका स्पंज?”

“न्या की. देव्हाऱ्यात ठेवा,” डॉक्टर हसले.

शुक्रवारी टाकी अशी चमकत होती की पेशंट दातदुखी विसरून बघत बसले. डॉक्टर दिवसभर निमित्त काढून बाहेर येत होते.

शनिवारी सकाळी त्यांनी दार उघडलं तर पाणी दुधासारखं पांढुरकं झालेलं. दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. ताईने डॉक्टरांकडे आजवर एवढी एकच गोष्ट मागितली होती. ते तिथेच उभे राहिले, हात पाण्याकडे नेत आणि मागे घेत.

ताई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने मासे पाहिले.

“वाळू कधी धुतलीस?”

“परवा.”

“सगळी?”

डॉक्टरांनी मान हलवली.

“गरम पाण्याने?”

डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या खुर्चीतले पेशंट तोंड उघडं ठेवून हलवतात, अगदी तशीच.

ताईने टाकीवाल्याला फोन लावला. तो झाकणाचा डबा घेऊनच आला. त्याच्या दुकानात त्या मळक्या वाळूवर आणि मळक्या स्पंजावर एक छोटी टाकी गुरुवारपासूनच चालू होती. असं होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि डॉक्टरांना ते ऐकवण्याचा मोह त्याने आवरला. मासे तिकडे गेले. दुपारी त्याचा निरोप आला: धाप थांबली, दोघं खायला लागले.

ताई तेव्हा कुठे खुर्चीत बसली. डॉक्टरांना वाटलं, आता बोलणी खावी लागणार. खरं तर त्यांना ती हवीच होती. पण ताई भिंतीवरची पाटी वाचत होती. सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.

संध्याकाळी टाकीवाला वाटीभर तपकिरी वाळू घेऊन आला. “ही विरजणासारखी टाका.”

डॉक्टरांनी ती वाटी दोन्ही हातांनी घेतली. “मासे परत कधी आणाल?”

“टाकी नीट मळली की.”

“किती दिवस लागतील?”

“ते तुमच्यावर आहे.”

ताईने पिशवी उचलली आणि दारापाशी थांबली.

“दर रविवारी एक बादली, छोट्या,” ती म्हणाली. “आम्हाला कळतं.”