कोमट करा

आरोग्यकेंद्रातल्या आरोग्यशिक्षकाला आपल्या जिभेचा फार अभिमान होता. पाण्यातून कावीळ पसरते हे सांगायला बाकीचे तक्ते लावत. त्याला असल्या गोष्टींची गरज नव्हती. त्याने दोन ओळी जुळवल्या होत्या.

आधी उकळा, कोमट करा,
मगच पाणी पेल्यात भरा!

खेड्यातल्या शाळेत त्याने त्या शिकवल्या आणि पोरांनी डोक्यावर घेतल्या. दोरीच्या उड्यांना तेच गाणं, भांडी घासताना आयांच्या तोंडी तेच गाणं. पोरं त्याला 'उकळेमामा' म्हणू लागली. साहेबांनी पाठ थोपटल्यावर तर हा गडी जमिनीला पाय लावीनासा झाला.

पण कावीळ काही हटेना. शाळेतले बाक रिकामे व्हायला लागले तसं उकळेमामाने गावाला धारेवर धरलं. "नुसतं गाणं म्हणता, उकळत नाही तुम्ही!" लोक गळ्याची शपथ घेऊन सांगत, उकळतो हो. तो मान हलवून पुढच्या घरी ओरडायला जाई.

आणि त्याच गावात राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. चिमणीचे डोळे पिवळे झाले होते.

चिमणी त्याची भाची, तिसरीतली, गाणं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारी. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. असंच राहिलं तर दवाखान्यात हलवा, असं डॉक्टर सांगून गेले होते. मामा घाबरला. आणि घाबरला की तो भाषण करी.

"ताई, निदान तू तरी उकळायचं होतंस!"

"रोज उकळते," ताई म्हणाली. "तुझ्या गाण्यातलं अक्षर न् अक्षर पाळते. बघ की."

तिने शेगडीवर पातेलं ठेवलं. पाणी चांगलं खळखळल्यावर पेल्यात अर्धं ओतलं. मग माठात ओगराळं बुडवून, नळाचं भरलेलं गार पाणी त्यात घातलं.

"अगं, हे काय करतेस?"

"विसण घालते. आंघोळीच्या पाण्यात नाही का घालत? कोमट करा, तूच म्हणालास. विसणाशिवाय कोमट कसं होणार?"

उकळेमामाला दरदरून घाम फुटला. फुटक्या नळातली घाण पोटात जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, आणि घरोघरी तीच घाण वरून ओतली जात होती, तालासुरात, त्याच्या सांगण्यावरून. गावाचा दोष एवढाच, की त्याने ऐकलं होतं. त्याला म्हणायचं होतं, झाकून आपोआप निवू द्या. पण 'निवू द्या'ला यमक सुचेना आणि 'करा-भरा' चुटकीसरशी जुळलं. करावं तसं भरावं म्हणतात. इथे केलं मामाने आणि भरत होती चिमणी.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत उभा राहिला. "गाणं चुकलंय. मीच चुकवलंय. विसण घालायचं नाही. झाकायचं आणि निवेपर्यंत थांबायचं."

पोरांना पटेना. "पण मामा, जुनंच छान वाटतं!"

चिमणीच्या शेजारी बसणारी मुलगी उठली. "म्हणजे चिमणीला तुमच्या गाण्यामुळे कावीळ झाली?"

शब्दांचा तोटा त्याला कधी पडला नव्हता. "हो," एवढंच तो म्हणाला. मग पोरांना घेऊन तो घरोघरी गेला आणि ज्यांच्यावर ओरडला होता त्यांच्यापुढे तेच पुन्हा सांगितलं.

चिमणी दवाखान्यात न जाता सावरली. डोळे पांढरे दिसू लागले त्या दिवशी तिने आपणहून पाणी मागितलं. मामाने उकळून ठेवलेलं पाणी घाईघाईने पेल्यात ओतून दिलं. तिने पेला हातात घेतला, आत पाहिलं आणि परत त्याच्यापुढे धरला.

"आधी तू पी."

ते त्याला फार लागलं. त्याने मोठा घोट घेतला. पाणी अजून कढत होतं. जीभ अशी पोळली की डोळ्यांतून पाणी आलं. बरोबर जागी पोळलं, त्याच्या मनात आलं.

चिमणी खुदकन हसली. "मामा, निवेपर्यंत थांबायचं असतं!"

तिने पेल्यावर ताटली झाकली, आणि दोघं थांबून राहिले.