दहा बोटं

"कळलं!" डोळे मिटूनच निरंजन ओरडला.

साळूबाईनं हातभर बांगड्या सावरत सुई उचलली आणि देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. खोल्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बसवताना पोरगा खाली पाठीवर पडला, त्याला चौदा महिने झाले होते. कमरेखाली सगळं गेलेलं. पण गेल्या महिन्यापासून रोज सकाळी ती त्याच्या पायाला सुई टोचायची आणि हा बरोब्बर "कळलं" म्हणायचा. डोळे मिटायचे, हा तिचाच नियम, लबाडी नको. मग काय विचारता! बाईनं अख्ख्या घोटावड्यात सांगायचं कुणाला ठेवलं नाही.

त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला मेधा यायची, तिलाही सांगून झालं. मेधा हसली नाही.

"काकू, मणक्यातल्या नसांचे धागे तुटले की आपोआप परत वाढत नाहीत. ते वाढवायचं एक औषध पुण्यात तपासून बघतायत. पण थोडी तरी जाणीव शिल्लक असेल, त्यांनाच घेतात. उद्या नीट तपासते, मग नाव देऊ."

"द्या की! अवो, शंभरदा तपासा."

दुसऱ्या दिवशी मेधानं निरंजनच्या डोळ्यांवर पंचा टाकला. साळूबाई पदराचं टोक चावत दाराशी उभी. सुईनं अंगठा टोचून झाला, करंगळी झाली, टाच, घोटा, पोटरी. निरंजन आपला वाट बघत पडलेला. मध्येच म्हणाला, "आत्ता कळलं." तेव्हा मेधाचा हात स्वतःच्याच मांडीवर होता.

तिनं नाव लिहून घेतलं नाही. "माफ करा, काकू," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली.

ती गेल्यावर निरंजन भडकला. "त्यांचा हात लई हलका हाय, आई. तू टोचलेलं कळतं की मला! खोटं बोलतोय व्हय मी?"

"न्हाई रं सोन्या. तू कशाला खोटं बोलशील?"

पण तिचा जीव थाऱ्यावर येईना. तशीच भाकरी थापायला बसली. थापेसरशी बांगड्या वाजत होत्या, आणि एकाएकी तिचा हात परातीतच थांबला. मेधाच्या मनगटात तर काहीच नव्हतं. अगं बाई!

दुसऱ्या सकाळी तिनं बांगड्या वर सारल्या आणि त्यांच्यावरून रुमाल आवळून बांधला. अंगठा टोचला. मग शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं. दोन्ही पायांची दहाही बोटं झाली. एकावर रक्ताचा थेंब आला, तो तिनं पदरानं टिपला.

"आई, कर की सुरू," डोळे मिटलेला निरंजन म्हणाला. "किती येळ लावतीस?"

साळूबाईनं सुई डबीत ठेवली, रुमाल सोडला आणि रिकामा हात त्याच्या पायाजवळ नेऊन नुसता हलवला.

बांगड्या किणकिणल्या.

"कळलं!"

"व्हय," साळूबाई म्हणाली. "बरोबर हाय."