पुलापलीकडची त्रेचाळीस घरं

त्या बैठकीतून इस्पासला तीन गोष्टी मिळण्यासारख्या होत्या. गल्लीत नळ, चारचौघांत मान, आणि घरात बायकोचं बोलणं बंद. त्याला मनापासून हवी होती ती तिसरी. पण ती पहिलीशिवाय मिळणार नव्हती, कारण त्याची बायको झांबिला एकोणीस वर्षं पुलावरून दोन्ही हातांत बादल्या घेऊन येत होती आणि तिचे गुडघे आता लाकडी जिन्यासारखे करकरत होते. त्या वसंतात तिने सांगून टाकलं, "पुढच्या हिवाळ्यात बर्फातून मी जाणार नाही. तू जा. टोपी घालून जा, लोकांना दिसू दे."

इस्पास तांब्याची भांडी आणि दारूच्या भट्ट्या बनवतो. आम्हा रोमा तांबटांत पुरुषाने पाणी भरणं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं.

अशात सरपंचाचं पत्र आलं. नऊ मे, युरोप दिन. ब्रुसेल्सहून पाहुण्या बाई येणार. ‘दोन्ही बाजूंनी बरोबरीने एकत्र बसून पाण्याचा प्रश्न सोडवावा.’ झांबिलाने ते दोनदा वाचून दाखवलं. इस्पास खूश झाला. दोन बाजू, बरोबरीने बसणं, प्रश्न सोडवणं, याला आमच्यात एकच नाव आहे, क्रिस, म्हणजे आमची न्यायसभा. न्यायाला बाहेरगावचे वडीलधारे बोलवायचे, निकाल लागेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि हरेल त्याने सगळ्यांच्या जेवणाचा खर्च द्यायचा. त्याने चार गावांना निरोप धाडले.

सरपंचाचा बेत वीस मिनिटांचा होता: झेंडा, भाषण, फोटो. सभागृहासमोर सात गाड्या उभ्या राहिल्या आणि मागच्या अंगणात तीन कोकरं भाजायला लागली, तेव्हा तो धावत बाहेर आला.

"अरे इस्पास, हे काय? लग्न आहे का कुणाचं?"

"तुम्हीच बोलावलंत, साहेब."

"मी दहा माणसं सांगितली होती!"

"आमची दहाच आहेत. बाकीचे न्याय करायला आलेत."

सरपंचाला घाम फुटला. तेवढ्यात पाहुण्या आल्या. योहाना बाई, पन्नाशीच्या, पायांत चालायचे बूट. त्यांना रुमानियन येत होतं, हे सरपंचाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी क्रिसचे नियम नीट विचारून घेतले, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मला कुठे बसवता?"

मधल्या खुर्चीवर न्यायाला आलेल्यांतले सगळ्यांत वडीलधारे मुर्शा काका बसले. वय ब्याऐंशी, एक डोळा अधू, दुसरा दोघांचं काम करणारा. इस्पासने टोपी काढली आणि समता, बंधुता, अखंड युरोप असं सुरू केलं. हे भाषण त्याने आठवडाभर पाठ केलं होतं.

"थांब," काका म्हणाले. "पाणी तू भरतोस?"

"नाही, काका."

"मग बस खाली. भरते ती बोलेल."

झांबिला उठली. भाषणबिषण काही नाही. "पुलाजवळ निळा बोर्ड आहे, युरोपच्या पैशाचा. दोनशे बारा घरांना पाणी, असं त्यावर लिहिलंय. मी फिरून मोजली. नळ एकशे एकोणसत्तर घरांत आहेत. राहिली त्रेचाळीस. पुलापलीकडे आमची घरंही त्रेचाळीसच." ती सरपंचाकडे वळली. "पैसे मागताना आम्ही युरोपात होतो, साहेब. पाइप टाकताना कुठे गेलो?"

योहाना बाईंनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

"तांत्रिक अडचण आहे," सरपंच म्हणाला. "मध्ये ओढा आहे. पाइप वळवायचा म्हणजे..."

सभागृहात जे हसू फुटलं, त्यात त्याचं वाक्यच बुडालं. सगळे तांबटच बसलेले. इस्पासला राहवलं नाही. "साहेब, तुमच्या घरच्या भट्टीची नळी मी सात वेढे वळवली. बारा वर्षांत थेंब गळला का? तुमच्या इंजिनीयरला एक पाइप पुलावरून वळवता येत नाही?"

"नाही... गळत नाही," सरपंच पुटपुटला. मग घड्याळ पाहून उठायला लागला. "दीड वाजता मला दुसरीकडे..."

"उठा की," काका मायेने म्हणाले. "उठला तो हरला."

सरपंच बसला. दोन वाजता कोबीच्या पानातला खिमा आला, तीन वाजता कोकरू, आणि आलुबुखाराची दारू मध्ये थांबलीच नाही. साडेतीनला सरपंच ‘अहो इस्पासभाऊ’ म्हणायला लागला. चारला त्याने आपल्या हाताने लिहून दिलं, ऑगस्टअखेर पाइप पुलावरून पलीकडे. खाली सही, साक्षीला योहाना बाईंची सही. बाई निघताना म्हणाल्या, "आमच्याकडे इतक्या वेळात फक्त विषयपत्रिका मंजूर होते."

ऑगस्टचा ऑक्टोबर झाला, पण पाणी बर्फाच्या आधी आलं. बादल्यांत आता झांबिलाच्या मिरच्यांची रोपं आहेत आणि ती हल्ली फक्त हवापाण्याबद्दल कुरकुरते.

आता कुणी काय भरलं ते सांगतो. हरला तो सरपंच, म्हणून कोकरांचे दोन हजार शंभर लेई त्याने स्वतःच्या खिशातून दिले. तो खर्च ग्रामपंचायतीच्या नावावर टाकायला गेला, तर योहाना बाईंनी आधीच पत्र पाठवून पावती मागवली होती. दारूचे सहाशे चाळीस काकांनी इस्पासवर बसवले. सरपंचाच्या पत्रात क्रिसचं नावही नव्हतं, गैरसमज इस्पासचा, आणि गैरसमजाची किंमत असते, असं त्यांनी ठरवलं. इस्पासने कुरकुर न करता मोजले. पाइपाचे पैसे युरोपने दिले, म्हणजे फिनलंडपासून पोर्तुगालपर्यंत सगळ्यांनी, त्यात आम्हीही आलो. आणि पहिलं पाणीपट्टीचं बिल, सव्वीस लेई, झांबिलाने स्वतः जाऊन भरलं, सरपंचासारखीच रांगेत उभी राहून, त्याच्या एक नंबर पुढे.