चौतीस फेरे

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत बोअरची मोटर जळाली की लोक म्हणतात, वनमालाकडं न्या. पाटीवर मात्र 'अजिनाथ मोटर वायंडिंग' असं आमच्या ह्यांचं नाव आहे. पाटी लागली तेव्हा मी नवी नवरी होते, म्हणून सोडून दिलं. काम ह्यांनीच शिकवलं, पण दोन वर्षांत मी ह्यांच्या पुढं गेले. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतं. मी फक्त नाही म्हणत नाही.

मोटर भरायची म्हणजे जळालेली तार काढून नवी ओवायची. लोखंडी गाभ्याला आतून खाचा असतात. मी एका बाजूनं तार सारायची, ह्यांनी समोरून ओढून घ्यायची. एकेका खाचेत चौतीस फेरे, आणि तोंडानं मोजायचं काम माझं. फेरे कमी पडले की मोटर तापते आणि नेमकी पिकाला पाणी हवं असतं तेव्हाच जळते. बारा वर्षांत माझ्या हातची एकही मोटर परत आली नव्हती. हे मी लग्नाकार्यातसुद्धा सांगत असे, कुणी विचारलं नाही तरी.

दोन वर्षांपूर्वी मला थायरॉईड निघाला. रोज पहाटे उपाशीपोटी गोळी सुरू झाली. सुजलेलं तोंड उतरलं, रिपोर्ट नॉर्मल आला. मी काही नॉर्मल होईना. भर चैतात अंगात स्वेटर, दुपार झाली की हातपाय गळालेले, बोटांना मुंग्या, बोलता बोलता शब्दच सापडायचा नाही. सांगावं तर जो तो म्हणायचा, रिपोर्ट चांगला आहे ना, मग कसलं दुखणं? जसं काही मी रिपोर्टवर खोटा आळ घेत होते.

एकच समाधान होतं. काम चुकत नव्हतं. बाकी सगळं ढिलं पडलं तरी मोजणी पक्की, असं मी स्वतःला बजावायची.

माघात एका दुपारी अशीच थकून आत जाऊन पडले. झोप लागेना म्हणून अर्ध्या तासात परत दुकानात आले. हे एकटेच बसले होते. सकाळी माझ्या हातून भरलेल्या खाचेतली तार हे उपसून पुन्हा भरत होते, ओठातल्या ओठात मोजत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

ह्यांच्या हातातली तार सुटली. "काय न्हाई. जरा ढिली वाटली."

"मी भरलेली खाच ढिली? कावून खोटं बोलताव?"

शेवटी बोलले. "बत्तीसच फेरे हायत तिथं. तू दोन आकडे गाळलेस."

"असं कितींदा झालं?"

"दिवाळीपासून सात बार."

दिवाळीपासून हे मनात मोजत होते. मी चुकले की गप्प राहायचे, मी आत गेले की दुरुस्त करायचे. आणि मी गावभर छाती पुढं काढून हिंडत होते! मला इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. भाकरी मात्र वेळेवर वाढली, कारण राग राग असतो आणि भूक भूक असते.

दोन दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. दर वेळी अंबाजोगाईच्या डॉक्टरबाई विचारायच्या, काम नीट जमतं का? आणि शेजारी बसलेला हा माणूस सांगायचा, एक नंबर! मग बाईंनी तरी काय समजायचं?

"उद्या दवाखान्यात चला," मी म्हणाले. "अन् सात बार चुकली, हे तुमच्या तोंडानं सांगा."

"येडी का काय? गावात कळलं तर मोटर कोण देईल आपल्याला? तुझं नाव जाईल."

"सात खाचा तुमी भरायच्या अन् नाव माझं! असलं नाव न्हाई पायजे मला. आधी मला माझी मोजणी परत पायजे."

बाईंनी नेहमीसारखा कागद पाहिला. "रिपोर्ट नॉर्मल आहे. हीच गोळी चालू ठेवा." त्या पुढच्या पेशंटला हाक मारणार, तेवढ्यात मी खुर्ची पुढं ओढली.

"बाई, मी मोटरी भरती. मीटरवर व्होल्टेज बरुबर दावतंय म्हणून मोटर पाणी उचलतीच असं न्हाई. लोड टाकून बघावं लागतं. माझा कागद बरुबर हाय, पर लोडवर मी बसायलेय."

मग ह्यांच्याकडं पाहिलं. हे खाली मान घालून बसले होते. "सात बार मोजायला चुकली," हे म्हणाले. "मी झाकलं. तुमच्यापाशी बी खोटं बोललो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अर्धा तास विचारत होत्या. गोळीनंतर किती वेळानं चहा, झोप कशी, बोटं कुठली बधिर होतात, सगळं. गोळी वाढवणार नाही, उगाच वाढवली तर छातीत धडधड सुरू होईल, असं स्पष्ट सांगितलं. "पण गोळी बरोबर आहे म्हणजे तुम्ही बऱ्या आहात असं नाही. दुसरं काही आहे का ते शोधू." रक्त पुन्हा तपासलं आणि बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं लिहून देताना त्या म्हणाल्या, "यानं फरक पडेल. तरी थोडा थकवा राहील कदाचित. काहींना राहतो. राहिला तर सांगायचं, लपवायचं नाही." शेवटचं वाक्य ह्यांच्याकडं बघून होतं.

मुंग्या गेल्या. शब्द सापडू लागले. थकवा सगळा गेला नाही, आजही दुपारनंतर मी मोठ्या मोटरीला हात लावत नाही. सकाळीच बसते. मोजताना शंका आली की मोठ्यानं म्हणते, "चुकलं," आणि सगळी खाच उपसून पहिल्यापासून भरते. गिऱ्हाईक समोर असलं तरी. पहिल्यांदा असं केलं तेव्हा लाजेनं कान तापले होते. आता कुणी टकमक बघितलं तर मीही बघते.

तरी मनात एक काटा होता. हे अजून मनात मोजतात का? विचारलं तर नाहीच म्हणतील.

जेठात आश्रुबांची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आली. सीताफळाची बाग त्यांची, घाई नेहमीचीच. समोर बाजेवर बसून राहिले. सकाळचं ऊन दुकानात आलं होतं. मी सहावी खाच भरत होते. बावीस झाले आणि मुद्दाम एक आकडा गाळला.

"चोवीस."

ह्यांनी तार ओढली. हात जरासुद्धा थांबला नाही.

"आवं, चुकले की मी."

"चुकलीस? मला काय म्हाईत."

"मोजत न्हाई तुमी?"

"दवाखान्यातून आलो तवाच सोडलं. तुझं तूच थांबतीस, तूच उपसतीस. मग मी कावून मोजू?"

दवाखान्याला चार महिने झाले होते. तेवढ्यात नऊ मोटरी भरून दिल्या होत्या, युसूफ वडगावच्यासुद्धा दोन. नऊच्या नऊ बोअरांत चालू होत्या, आणि त्यांतला एकेक फेरा माझ्या एकटीच्या मोजणीचा होता. कुणी मागून दुरुस्त केलेलं नव्हतं. त्या नऊ मोटरी मनात मोजता मोजता पुढचा आकडा म्हणायचा राहून गेला.

"काय झालं?" आश्रुबा म्हणाले. "आकडा इसरली जनू."

"इसरले न्हाई, मामा," मी म्हणाले. "तेवीस झाले. ओढा आवं."