जैबुनबीचा हात

"फोडू नका वो बाई! पोरीच्या हातातल्या बांगड्या फोडू नका!" कुंदाची आई माझ्या हाताला झोंबली.

नऊ वर्षांची कुंदा टेबलावर कण्हत होती. मान लाकडासारखी ताठ, ताप उतरायचं नाव नाही. मणक्यातून पाणी काढायचं होतं, आणि झटापटीत काच फुटली तर कुणाच्या तरी हातात घुसणार. साल अठ्ठावन्न. मी नागपूरहून नर्सिंग शिकून यवतमाळला नुकतीच रुजू झाले होते आणि डोक्यात हवा भरपूर होती. बांगड्यांवर काय वेळ घालवायचा?

"सिस्टर, सरका जराशा. मी काढून देतो."

ही आमच्या वॉर्डातली आया, जैबुनबी. मणियाराची विधवा. नवरा होता तोवर राळेगावच्या बाजारात बसून बायकांना बांगड्या भरायची. तिनं कुंदाची मूठ तळव्यात घेतली, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि सहाच्या सहा बांगड्या अखंड उतरवून आईच्या पदरात टाकल्या.

"घ्या माय. पोरगी बरी झाली का मीच भरीन."

मग कुंदाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन तिचं मुटकुळं केलं. तोंडानं कसलीशी मांजराची गोष्ट चालूच. डॉक्टरांची सुई पहिल्याच खेपेला आत गेली. मला ते अजिबात आवडलं नाही.

मेंदूच्या आवरणाचा क्षय निघाला. पूर्वी असं मूल घरी न्यायला सांगत. आता क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आलं होतं. रोज कमरेत, आणि सुरुवातीचे आठवडे मणक्यातूनही. म्हणजे रोज टेबल, रोज सुई, रोज जैबुनबी. एकदा ती रजेवर असताना मी धरायला गेले. कुंदा उसळली, सुई दोनदा चुकली. दुसऱ्या दिवशी जैबुनबी कामावर परतली होती; डॉक्टर टेबलापाशी हाताची घडी घालून उभेच राहिले. मी तिला बोलवायला गेले.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. कुंदा आईला ओळखू लागली. वडील वामनराव बाभुळगावच्या पोस्टात कारकून, ते पेढे घेऊन आले. त्याच दिवशी जैबुनबीनं मला बाजूला ओढलं.

"सिस्टर, पोरीले ऐकू येत नाई."

"काहीतरीच! सकाळी माझ्याकडे पाहून हसली."

"पाहून हसली ना. मी गोष्ट सांगतो तवा तिची पाठ ढिल्ली पडते. चार दिस झाले, ढिल्ली पडून नाई राह्यली. मांजर सांगा का वाघ सांगा, पाठ कडकच."

डॉक्टरांनी कुंदाच्या मागून जोरात टाळी वाजवली. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"आजारानंही होतं, औषधानंही होतं," डॉक्टर म्हणाले. "औषध थांबवलं तर कान थोडेफार वाचतील कदाचित. मुलगी वाचेल असं मी सांगू शकत नाही."

वामनरावांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. "बहिरी पोरगी... तिचं पुढं कसं होईन?"

जैबुनबीला कुणी विचारलं नव्हतं. "भाऊ, या टेबलावर मी लई पोरं धरली. जी गेली ती अजून या हाताले आठोतात. ही जिती हाय. कानानं नाई ऐकलं तं मी हातानं सांगीन तिले."

कुंदाच्या आईनं डोळे पुसले. "सुई द्या, डॉक्टरसाहेब."

दुसऱ्या दिवशी जैबुनबीनं कुंदाचा तळवा धरून तीनदा दाबला. तिसऱ्या दाबाला सुई. कुंदा दचकली. चौथ्या दिवशी मात्र तिसरा दाब पडताच तिनं श्वास सोडला आणि पाठ सैल पडली. मला जैबुनबीचा असा अभिमान वाटला, की तसा स्वतःचं सर्टिफिकेट घेतानाही वाटला नव्हता. त्याच आठवड्यात मी तिच्याकडून पोरं धरायला शिकू लागले.

"आवळू नका, सिस्टर. तिचा श्वास पाह्यत जा, त्याच्यासंग हात न्या."

सात महिन्यांनी कुंदा आपल्या पायांनी चालत घरी गेली. ऐकू मात्र आलं नाही. निघताना आईनं त्या सहा बांगड्या पुढे केल्या.

"आता नको, माय," जैबुनबी म्हणाली. "हात वाळला पोरीचा. मास येऊ द्या, मग भरीन."

ते राहूनच गेलं. अडुसष्टच्या वैशाखात कुंदाचं लग्न ठरलं. मुलगा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. चुडा भरायला गावात कासार होता, पण कुंदानं हट्ट धरला. मी दोघी मायलेकींना जैबुनबीच्या घरी घेऊन गेले. तिची नोकरी संपली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"मले दिसत नाई आता," तिनं हात मागे घेतला. "लग्नाचा चुडा हाय. एखादी फुटली तं जीव जाईन माहा."

कुंदाला शब्द कळले नसतील, मागे गेलेला हात कळला. तिनं तो सुरकुतलेला तळवा ओढून आपल्या हातात घेतला आणि दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

जैबुनबीनं श्वास सोडला. "आण, बेटा."

डोळे मिटूनच तिनं हिरवा चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही. शेवटची चढली तेव्हा कुंदानं आपलं मनगट गालाला टेकवून बांगड्या हलकेच हलवल्या, आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं.